बेस वाजवतो, पण काय?

आमच्या मेव्हण्याइतका मोठ्या आवाजात दुर्लक्षित राहिलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. माणसं कोपऱ्यात बसतात, कमी बोलतात, म्हणून दुर्लक्षित होतात, हे समजण्यासारखं आहे. हा गडी मात्र कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटाच्या मधोमध, छातीएवढ्या स्पीकरला पाठ टेकून, खांद्यापर्यंतचे केस झटकत वर्षानुवर्षं उभा राहिला, आणि तरी कार्यक्रम संपल्यावर लोक त्यालाच येऊन विचारायचे, "वायरिंगवालं तुम्हीच का? ती माईकची वायर जरा बघा की." आणि हा मुकाट्याने वायर बघायचा. त्याची सगळी कारकीर्द मला विचाराल तर या एका वाक्यात बसते. पण मला एका वाक्यात थांबायची सवय नाही, आणि तुम्हीही बसलाच आहात, तर ऐका.

मी हे जरा दमूनच सांगतोय, तेवढं समजून घ्या. माझा शिरूरला पिकअपचा धंदा. कांदा, फ्लॉवर, लग्नाच्या खुर्च्या, सिमेंटचे पाइप, मिळेल ते भरायचं आणि पोचवायचं. लग्नात मी सासऱ्यांकडून काही म्हणून घेतलं नाही, मेव्हणा मात्र न मागता पदरात पडला. बायकोचा धाकटा भाऊ. सासरवाडी दौंड तालुक्यात, वरवंड आणि पाटसच्या मधे, मळ्यातल्या वस्तीवर. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याचा फोन आला, "दाजी, गाडी मोकळी हाय का?" मला वाटलं ऊस-बियाणं न्यायचं असेल. गेलो तर अंगणात काळ्या कापडाने मढवलेली, लोखंडी कोपऱ्यांची एक भली मोठी पेटी उभी. तो तिला बेसचा स्पीकर म्हणायचा. आमच्या घरात तिला 'कपाट' म्हणत. त्या दिवसापासून ते कपाट माझ्या पिकअपमधून न्हावरे, चौफुला, दौंड, शिक्रापूर, पुणे असं इतकं फिरलं की एखादा आमदार निवडणुकीत फिरत नसेल. उचलायला कायम आम्ही दोघंच. बाकीचा बँड त्या वेळी नेमका चहाला गेलेला असायचा. आज माझ्या कमरेला जो डॉक्टरचा पट्टा आहे तो त्या कपाटाचा प्रसाद आहे. देवाच्या प्रसादाला नाही म्हणता येत नाही, तसं मला मेव्हण्याला कधी नाही म्हणता आलं नाही.

तो वाजवायचा बेस गिटार, आणि तेही हेवी मेटल नावाच्या संगीतात. या संगीतात एक जण ओरडतो, एक जण ढोल बडवल्यासारखे ड्रम बडवतो, एक जण गिटारीतून करवतीसारखा आवाज काढतो, आणि या सगळ्यांच्या खाली कुठेतरी, तळघरात, आमचा मेव्हणा असतो. मी एकदा वैतागून म्हणालो, "अरे, तुझं वाजवणं कुणाला ऐकूच येत नाही, मग एवढं मरमर कशाला?" तर शांतपणे म्हणाला, "दाजी, बेस ऐकू यायचा नसतोय. त्यो बंद पडला म्हंजी कळतोय." मी म्हटलं, वा रे वा, हे बरं आहे. पण तो हे मनापासून म्हणाला होता.

त्याला कान होते, ते मात्र कबूल करायला पाहिजे. कुठेही गेला की आधी तिथली घरघर ऐकायचा. विहिरीवरची मोटर, फ्रिज, शिक्रापूरच्या चौकात ट्रॅफिकमधे उभे राहिलेले ट्रक, सगळ्यांचे सूर त्याला पाठ. दळण घेऊन जायचं काम घरात कुणालाच नको असतं, हा मात्र डबा उचलून आनंदाने निघायचा आणि गिरणीत भिंतीला डोकं लावून, डोळे मिटून उभा राहायचा. गिरणीवाल्याने शेवटी माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, पोराला फिट-बिट येती का?" बायको घरी येऊन हसता हसता रडली.

आता आमचे सासरे. त्यांना सगळी पंचक्रोशी आप्पा म्हणते, मीही म्हणतो. आप्पांनी उभा जन्म साखर कारखान्यात, ऊस चिरडणाऱ्या मिलवर फिटर म्हणून काढला. सीझनमधे ती मिल रात्रंदिवस चालायची, आणि तिच्या पायाशी राहून राहून आप्पांचे कान गेले. पण सगळे नाही गेले. बारीक आवाज तेवढे गेले. फोनची रिंग, भांड्याला भांडं लागलेलं, सासूबाईंची हाक. (हे शेवटचं सोयीचं म्हणून गेलं असावं, असा सासूबाईंचा आरोप होता.) ट्रॅक्टर किंवा ढगांचा गडगडाट मात्र त्यांना बरोबर कळायचा. पोराने पहिल्यांदा बेस गिटार घरी आणली तेव्हा आप्पांनी ती उलटीपालटी केली, तारा मोजल्या आणि म्हणाले, "सगळ्यांच्या गिटारीला सहा असत्यात. तुझ्या चारच? दुकानदारानं फसवलं तुला. जा, दोन तारा मागून आण." पोराने समजावून सांगितलं, की याला चारच असतात. आप्पांना अर्धं ऐकू आलं, आणि जे ऐकू आलं ते पटलं नाही.

त्याच वर्षी आप्पांनी कारखान्यात शब्द टाकून पोराला आपल्याच मिलवर हेल्पर म्हणून चिकटवलं. शब्द टाकायला आप्पा कुणाच्या दारात कधी गेले नव्हते, पोरासाठी गेले. पोरगं दोन महिने गेलंही. आणि ऐन गाळपात, मिल भरात असताना, पुण्यात कुठल्याशा हॉटेलात बँडला वाजवायला बोलावलं म्हणून न सांगता निघून गेलं. गेलं माझ्याच पिकअपमधे, हे वेगळं सांगायला नको. परत आलं तेव्हा आप्पा ओसरीवर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "सीझनमधी कुणी बंद पाडून जातं व्हय रं?" त्यानंतर त्यांनी पोराच्या वाजवण्याचं नाव काढलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण काहीच बोलले नाहीत. मेव्हणा जगाशी बेफिकीर, पण या एका गोष्टीने आतून पोखरला गेला. मला म्हणायचा, "दाजी, बाकी कुणी न्हाई ऐकलं तरी चालंल. आप्पांनी एकदा ऐकावं, आन् मग काय त्ये म्हणावं. वाईट म्हणावं, पर म्हणावं." पुढची सगळी वर्षं त्याची खरी धडपड तेवढ्यासाठीच होती. बाकी सगळं वरवरचं.

पोटासाठी त्याने शिक्रापूरच्या एका कंपनीत स्टोअरला नोकरी धरली आणि तिथेच खोली घेतली. चाळीत आजूबाजूला सगळी यूपी-बिहारची कामगार मंडळी, शिफ्ट करून आलेली, झोपेला आसुसलेली. तिथे स्पीकर लावायची सोय नाही. मग त्याने एक युक्ती काढली. वायर न जोडता गिटारीचं डोकं लोखंडी कपाटाला टेकवायचं (खऱ्या कपाटाला, कपडे ठेवायच्या) आणि वाजवायचं. तार छेडली की सगळं कपाट आतून घुमायचं, कान लावला की गाणं ऐकू यायचं. कपाट होतं सामायिक भिंतीला लागून. शेजारचा भैया एके दिवशी दार वाजवून म्हणाला, "भैया, आपकी अलमारी रो रही है क्या?" तेव्हापासून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे सरकलं.

त्याच्या लग्नाचीही मी थोडी खटपट केली. न्हावऱ्याजवळचं चांगलं बागायतदार घर, मुलगी शिकलेली. मध्यस्थाने आधीच सांगून ठेवलं होतं, "मुलगा हेवी मेटलमधी हाय." मुलीचे वडील खूश. पोहे आल्यावर त्यांनी विचारलं, "हेवी मेटल म्हंजी रांजणगावची का चाकणची?" मी पोह्यातला शेंगदाणा गिळला. "परमनंट हायेत का अजून कॉन्ट्रॅक्टवर?" मी पायाने त्याचा पाय दाबला, की बाबा, हो म्हण, बाकीचं लग्नानंतर बघू. पण हा सत्यवचनी. म्हणाला, "न्हाई, ती कंपनी न्हाई. तसलं संगीत असतंय. मी बेस वाजवतो." आता आमच्याकडे 'बेस' म्हणजे चांगलं, झकास. पीक बेस, जेवण बेस, पाऊस बेस. मुलीचे वडील मोठ्या मनाने हसले. "बेस वाजवत असाल हो, आम्ही कुठं न्हाई म्हणतो? पण वाजवता काय?" "बेस." "व्हय, व्हय, बेस, पण काय? पेटी? तबला?" "बेसच वाजवतो, मामा." त्या गृहस्थांनी माझ्याकडे असं बघितलं, की पाहुण्याचं डोकं ठिकाणावर आहे ना? आतून कुणीतरी बाई म्हणाली, "अवो, सोताची तारीफ करतोय त्यो." झालं. पानसुपारी घेऊन आम्ही उठलो. गाडीत मी त्याला म्हणालो, "अरे, गिटार म्हणायला काय झालं होतं?" तर म्हणतो, "मग त्यांनी सहा तारांची समजली असती." याच्यावर माणसाने काय बोलायचं?

बँडची तालीम चालायची एका पोल्ट्रीच्या शेडमधे. शेड होती गाणाऱ्याच्या चुलत्याची. ब्रॉयलरची बॅच मोठी होऊन गाडीत गेली की शेड धुऊन, चुना मारून काही दिवस मोकळी ठेवतात. त्या मोकळ्या दिवसांत बँडची तालीम. नवी पिल्लं आली की तालीम बंद, ती वजनाला येऊन जाईपर्यंत संगीताला सुट्टी. त्यामुळे यांच्या सगळ्या कलेचा हंगाम कोंबड्यांच्या खाण्यावर अवलंबून असायचा. कोंबड्या लवकर वाढल्या की हे खूश. मेव्हणा मला फोनवर सांगायचा, "दाजी, यंदाची बॅच लई सुस्त हाय. पंधरा दिवस झालं, अजून मूठभरच." मी म्हणायचो, खाद्य वाढव म्हण चुलत्याला. काय करता, मीही त्यात गुंतत चाललो होतो. तालीम करून आला की त्या काळ्या शर्टांना असा वास यायचा की सासूबाई ते कुंपणावर वाळत घालायच्या, आणि शर्टांवर हे मोठाले कवटीचे शिक्के. रस्त्याने जाणारे लोक विजेच्या डीपीवरचा धोक्याचा फलक समजून लांबून जायचे. एकाने तर विचारलं, "आजी, कुंपणात करंट सोडलाय का?"

कार्यक्रम मिळायचे, पण कसे, ते विचारू नका. पाटसजवळच्या एका वस्तीवरून हळदीच्या कार्यक्रमाला बँड पाहिजे म्हणून निरोप आला. त्यांना पाहिजे होता बाजावाला बँड, लाल कोटातला. गेला आमचा बँड, काळ्या शर्टातला. आता आलेच आहेत तर वाजवू द्या, असं नवऱ्या मुलाच्या चुलत्याने ठरवलं. पहिलंच गाणं सुरू झालं आणि गाणाऱ्याने पोटातून ती घोगरी डरकाळी काढली, केस मोकळे सोडून गोल गोल घुमायला लागला. तिथल्या एका म्हातारीने हातातलं ताट खाली ठेवलं. "अगं बया, अंगात आलं!" म्हणाली. बघता बघता बायका गोळा झाल्या, कुणी हळद-कुंकू आणलं, कुणी लिंबू. म्हातारी हात जोडून गाणाऱ्याच्या पुढे गेली, "बोल, कोण हाईस तू? काय पायजे तुला? काय चुकलं आमचं?" गाणाऱ्याचा घसा सुकलेला. त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पाणी!" लगेच तांब्या आला, त्याच्या पायावर ओतला. प्यायला काही मिळालं नाही. या सगळ्यात आमचा मेव्हणा मागे उभा राहून खाली मान घालून वाजवतच होता. एका मावशींनी जाता जाता त्याच्याही कपाळाला कुंकू लावलं, का, तर तो देवाच्या मागे उभा होता म्हणून. परतताना गाडीत तो आरशात बघून ते कुंकू पुसत नव्हता. म्हणाला, "दाजी, आज माझ्याकडं कुणीतरी बघितलं."

मग तो गणपतीतला कार्यक्रम. तो मी विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही. वरवंडमधे एका मंडळाने बँडला स्टेज दिलं. गावातच, म्हणजे आप्पांना लांब जायचं कारण नाही. मेव्हण्याने आठवडाभर आधी बहिणीकडून, आईकडून, माझ्याकडून आप्पांना निरोप पाठवले. आप्पा हूं नाही की चूं नाही. पण त्या संध्याकाळी धुतलेली टोपी घालून, काठी घेऊन आले आणि दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसले. मेव्हण्याने स्टेजवरून पाहिलं आणि लावून झालेल्या तारा पुन्हा लावायला घेतल्या. गणपतीची आरती झाली, हे उभे राहिले, गाणं सुरू झालं, आणि जनरेटरने मान टाकली. स्टेज एकदम मुकं. ड्रमवाला तेवढा थोडा वेळ बडवत राहिला, मग तोही थांबला. त्याच घडीला पलीकडच्या आळीतल्या मंडळाने आपला डीजे सुरू केला. भिंतीएवढे स्पीकर. दणका असा, की पत्रे थरथरले, माझ्या हातातला चहा हलला. आप्पांनी मान वर केली. किती वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. छातीवर हात ठेवला आणि स्टेजच्या कडेला उतरून आलेल्या पोराला म्हणाले, "बेस हाय की रं! हितं छातीत वाजतंय."

मेव्हण्याला हो म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं? मी तर मनातल्या मनात ओरडत होतो, की हो म्हण, एकदा तरी हो म्हण. हा वाकला, आप्पांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "आप्पा, त्ये माझं न्हाई. त्ये पलीकडच्या मंडळाचं हाय." आप्पांनी छातीवरचा हात काढला. "मग तुझं कुठं हाय?" असं विचारलं. आप्पा काठी टेकत घरी गेले. मला त्या जनरेटरवाल्याचा इतका राग आला होता, की मी पुढे दोन वर्षं त्याचा माल भरला नाही.

त्यानंतर बँड सुटत गेला. भांडण नाही, काही नाही, आपोआप. ड्रमवाल्याची शिफ्ट बदलली आणि त्याला मुलगी झाली. पोल्ट्रीवाल्या चुलत्याने अशी सोय केली, की एक बॅच गेली की दुसरी लगेच, मधे मोकळे दिवसच राहिले नाहीत. गाणारा बैलगाडा शर्यतीत निवेदन करायला लागला. त्याची ती डरकाळी तिथे सोन्याच्या भावाने खपते. शर्यतीच्या घाटात बैलांची बारी सुटली की तो "भिर्रर्रर्र" असा सूर लावतो, की बैलं दचकून जास्तच पळतात. मला तो परवा शिरूरला भेटला, डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं. म्हणाला, "दाजी, ह्याच्यात पब्लिक लई हाय." खरंच आहे. मागे राहिला एकटा बेस. आणि एकट्या बेसचं करायचं काय? त्याने केस कापले. त्या दिवशी बायको म्हणाली, माझा भाऊ एकदम म्हातारा दिसायला लागला हो. मलाही वाईट वाटलं, पण कमरेला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेल्या दिवाळीच्या आसपास आप्पा न्हाणीत घसरले. खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, पण आप्पा काही उठले नाहीत. ओसरीवरच्या जुन्या लोखंडी कॉटवर पडून असायचे. कारखान्यातून निवृत्त होताना घेतलेली कॉट, भरीव दांड्यांची. कान आता जवळजवळ बंदच झाले होते. कुणाशी बोलायचे नाहीत. दिवसातून कधीतरी डोळे उघडून विचारायचे, "भोंगा झाला का?" सीझन सुरू होताना कारखान्याचा भोंगा होतो, तो. झाला आप्पा, कवाच झाला, असं सासूबाई हातवारे करून सांगायच्या. त्यांचा विश्वास बसायचा नाही. म्हणायचे, "मग मिल का चालत न्हाई?"

अशात मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, गाडी मोकळी हाय का? कपाट द्यायचंय. गिटार बी." घेणारा होता दौंडचा एक डीजेवाला. मी सकाळी गेलो. आम्ही दोघांनी मिळून ते कपाट शेवटचं उचललं आणि गाडीत चढवलं. मी दोर बांधत होतो. मेव्हणा गिटार घेऊन ओसरीवर आला, आप्पांच्या पायथ्याशी टेकला. पिशवीत घालण्याआधी शेवटचं म्हणून असेल, किंवा खोलीवरची सवय म्हणून असेल, त्याने गिटारीचं डोकं कॉटच्या लोखंडी दांडीला टेकवलं, सगळ्यात जाड तार सैल केली, बँडमधे लावायचा तशी पार लोंबेल इतकी सैल, आणि अंगठ्याने सावकाश, एकसारखी छेडत राहिला. मला अंगणात काहीच ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं, की आप्पांनी डोळे उघडले आणि हात हळूहळू सरकवत दांडीवर तळवा टेकवला.

"गाळप चालू झालं व्हय रं?"

मेव्हण्याचा अंगठा थांबला. आप्पांच्या कपाळावर लगेच आठी पडली. "बंद का पडलं?" म्हणाले.

तेव्हा माझ्या हातातला दोर सुटला. मेव्हणा त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, "आप्पा, मी वाजवतोय! मी!"

"काय?"

"बेस! बेस वाजवतोय!"

आता मला वाटलं, हेही तेच विचारणार, की बेस वाजवतोस ते खरं, पण काय? आप्पांनी तळवा दांडीवर आणखी दाबला. मग म्हणाले, "व्हय. बेस हाय." आणि डोळे मिटून घेतले. मिटता मिटता म्हणाले, "चालू दे. सीझनमधी बंद पाडू नगंस."

मेव्हण्याने मान खाली घातली आणि वाजवायला लागला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. सासूबाई चुलीपुढून उठून आल्या आणि त्यांनी पदराने त्याचे डोळे पुसले, लहानपणी नाक पुसायच्या तसे. मी दौंडला एकटाच गेलो, नुसतं कपाट घेऊन. डीजेवाल्याने विचारलं, गिटार कुठंय? मी म्हटलं, ती कामात आहे.

नंतर मी त्याला विचारलं, त्या मोडक्या सुराने आप्पांना मिल कशी आठवली? तो म्हणाला, "त्यो मिलचाच सूर हाय, दाजी. दोन महिने तिथं काम केलं, तवाच धरून ठेवलावता. आमचा सगळा बँड त्याच सुरावर लावलेला असायचा." इतकी वर्षं पोल्ट्रीत, हळदीत, स्टेजवर हे लोक आप्पांची मिलच वाजवत होते, आणि आप्पांना ते सांगायला कुणाला सुचलं नव्हतं. मग दर सुट्टीला तो शिक्रापूरहून बस धरून यायचा आणि कॉटच्या पायथ्याशी बसायचा. आप्पा दांडीवर हात ठेवून पडायचे. ऊस तोडून झाला, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत सीझन संपला, त्याच आठवड्यात आप्पा गेले. सकाळी, चहा पिऊन.

तेराव्यानंतर फोन आला, "दाजी, गाडी मोकळी हाय का?" मी गेलो. म्हणाला, कॉट न्यायची आहे, शिक्रापूरला, खोलीवर. गेलेल्या माणसाची कॉट कुणी घरात ठेवत नाही, कुणाला तरी देऊन टाकतात, असं बायकोने मला गाडीत दोनदा सांगितलं होतं. पण भावाला तिने काही सांगितलं नाही. आम्ही दोघांनी कॉट उचलली. कपाटापेक्षा कितीतरी हलकी होती, तरी मला मधे दोनदा टेकवावी लागली. शिक्रापूरला जिन्याने वर नेली, खिडकीशी लावली आणि मी तिच्यावर तसाच आडवा झालो, कंबर इतकी दुखत होती. मेव्हण्याने पाणी दिलं. मग भिंतीवरची गिटार काढली, पायथ्याशी बसला, दांडीला डोकं टेकवलं.

पहिल्यांदा काही नाही. मग पाठीखालून, मणक्याला, जिथे दुखत होतं तिथेच, ते सुरू झालं. खालच्या रस्त्यावर ट्रक जात होते, ते एकदम लांब गेल्यासारखे वाटले. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडात 'बेस' हा शब्द अगदी आला होता, पण तो आप्पांचा होता, मला घेववला नाही. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "चालू दे."